‘नेट गेलंय’, पण नक्की काय गेलंय? ऑफिसचं नेटवर्क पुन्हा पुन्हा तुटत असेल तर

फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “सर, नेट गेलंय.” भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांच्या ऑफिसांचे कॉम्प्युटर मी वार्षिक करारावर सांभाळतो. बहुतेक ठिकाणी चित्र एकच: पंधरा-वीस मशीन, सर्व्हर म्हणून नेमलेला एक साधा डेस्कटॉप, त्यावर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, दोन प्रिंटर, हजेरीचं मशीन, आठ-दहा कॅमेरे आणि जिन्याखाली फायलींच्या मागे कुठेतरी धूळ खात पडलेला स्विच, म्हणजे सगळ्या मशीनच्या वायरी जिथे जोडतात ती पेटी. मोठ्या कंपनीत याला इन्फ्रास्ट्रक्चर म्हणतात आणि त्याला वेगळा विभाग असतो. इथे अकाउंट्सच्या मॅडम हाच तो विभाग.

मी पोचेपर्यंत कुणीतरी राउटर बंद-चालू केलेला असतो. नेट आलेलं असतं. मला चहा मिळतो. चार दिवसांनी पुन्हा तोच फोन आणि पुन्हा चहा. रीस्टार्ट करण्यात गैर काही नाही, पण त्याने बिघाडाचा माग पुसला जातो. मशीनचे नेटवर्कवरचे पत्ते नव्याने वाटले जातात, दिवे पूर्ववत होतात आणि मूळ कारण तसंच राहतं. म्हणून खालच्या क्रमात रीस्टार्ट कुठेच पहिला नाही. आधी बघायचं, लिहून ठेवायचं, मग हात लावायचा.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ठरवा.

- इंटरनेट कुणालाच नाही, पण टॅली चालतंय आणि प्रिंटही निघतेय.
- व्हॉट्सॲप वेब छान चालतंय, पण टॅली कंपनी उघडत नाही किंवा शेअर ड्राइव्ह सापडत नाही.
- एकाच मशीनचं किंवा एकाच खोलीचं बंद आहे.
- सगळंच बंद, आणि स्विचचे सगळे दिवे एकाच तालात पिसाटल्यासारखे लुकलुकताहेत.
- चालतंय, पण रडतरखडत. पानं अर्धी उघडतात.
- ठरावीक वेळेला जातं: दुपारी, शिफ्ट बदलताना, सुट्टीनंतरच्या सकाळी, पावसाची पहिली सर आली की.

पहिली दोन लक्षणं वापरणाऱ्याला एकच वाटतात, कारण दोन्हींत काम अडतं. प्रत्यक्षात त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिल्यात बाहेरून येणारी लाइन गेलेली असते. दुसऱ्यात लाइन ठणठणीत असते आणि आतलं जाळं किंवा सर्व्हर आजारी असतो. हा फरक न करता लाइनवाल्याकडे तक्रार केली, तर त्याचा माणूस येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवतो, सही घेतो आणि जातो. त्याची चूक नसते, पण तुमचा दिवस गेलेला असतो.

पूर्वी नेट गेलं तर मेल थोडी उशिरा जायची, एवढंच. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, काढावंच लागतं. आता नेट गेलं की माल भरलेली गाडी गेटवर उभी राहते आणि ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी काचेवर टकटक करतो. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, जीएसटी रिटर्नच्या दिवशी, माझा फोन जास्त वाजतो. त्या दिवशी बिघाड जास्त होतात असं नाही, त्या दिवशी ते सोसत नाहीत.

एक वही, स्विचशेजारी

खर्च दहा रुपये. तारीख, वेळ, पहिली ओरड कुणाची, आणि त्या वेळी कुणाचं मशीन *चालू* होतं. चौथा रकाना सगळ्यात मोलाचा, आणि तोच कुणी भरत नाही. बंद पडलेल्यांची यादी सगळे देतात. चालू असलेल्यांवरून कळतं की तुटलंय ते कुठे. दोन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की निम्मं निदान वहीतच होतं. पुढे दोन किस्से येतील, दोन्ही या वहीमुळे सुटले.

दिवे

लाइनवाल्याने बसवलेल्या फायबरच्या डब्यावर साधारण तीन दिवे महत्त्वाचे: पॉवर, पॉन आणि लॉस. लॉस लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. तुमच्या आतल्या कुठल्याही खटपटीने तो यायचा नाही. थेट तक्रार करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. त्याआधी एकच पाहा: डब्यात शिरणारी ती बारीक पांढरी किंवा पिवळी तार कपाटामागे करकचून वाकली आहे का. तांब्याची वायर वाकली तरी चालते. फायबर फार वाकली की प्रकाश वळणावरच गळतो. एका ठिकाणी दिवाळीच्या साफसफाईत सरकवलेलं कपाट दोन इंच पुढे ओढलं आणि लाल दिवा विझला.

पॉन स्थिर हिरवा असेल तर फायबर डब्यापर्यंत ठीक आहे. मग स्विचकडे वळा. ज्या ज्या भोकात वायर आहे, तिथला दिवा लागलाय का? मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि मगच पुढे जा. नंतर कुणी बंद-चालू केलंच, तर पुरावा तुमच्याकडे राहील.

पिंगची शिडी

हीसुद्धा फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, सीएमडी लिहा, एंटर. काळी खिडकी उघडेल. तिथे आयपीकॉन्फिग लिहा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. दोन आकडे हवेत: मशीनचा स्वतःचा पत्ता आणि डिफॉल्ट गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता.

स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर इथेच थांबा. याचा अर्थ मशीनने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक तात्पुरता घेतला. एकतर वायर तुटलीय, नाहीतर पत्ते वाटणारा राउटर गप्प आहे किंवा त्याच्याकडचे पत्ते संपलेत. त्यावर पुढे सविस्तर येतं.

पत्ता नीट असेल तर एकेक पायरी चढा. आधी गेटवेला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक: इंग्रजीत पिंग लिहून पुढे तो पत्ता. मग सर्व्हरच्या पत्त्याला. मग ८.८.८.८ ला, हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला. गेटवेच उत्तर देत नसेल तर दोष तुमच्या मशीन आणि राउटरच्या मधे आहे, लाइनवाल्याला त्रास देऊ नका. गेटवे देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर बाहेरची लाइन. आकड्यांना उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणजे डीएनएस, रुसलीय. हे राउटरमधली एक सेटिंग बदलून सुटतं.

दोन सावधगिऱ्या. सर्व्हरने पिंगला उत्तर दिलं नाही म्हणून तो मेला असं समजू नका, विंडोजचा फायरवॉल बऱ्याचदा पिंग अडवतो. म्हणून सगळं सुरळीत असताना एकदा पिंग करून ‘निरोगी’ उत्तर वहीत लिहून ठेवा. दुसरं म्हणजे वेळ बघा. वायरने जोडलेल्या मशीनला गेटवेचं उत्तर एका मिलीसेकंदाच्या आतबाहेर यायला हवं. तिथे दोनशे-तीनशे दिसत असतील तर नेट ‘स्लो’ नाही, आतलं जाळं गुदमरतंय.

अडॅप्टर: सगळ्यात दुर्लक्षित डबी

राउटर दिवसातून तीनदा आपोआप बंद-चालू होतो, दुपारी जास्त. लोक राउटर बदलतात. दहापैकी निदान तीन वेळा मला दोष त्याच्या अडॅप्टरमध्ये सापडलाय. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली वर्षानुवर्षं चालू राहिलेला अडॅप्टर थकतो. हलक्या कामाला पुरेसा करंट देतो, सगळे वायफायवर आले की दम तोडतो. दिवा मात्र लागलेलाच असतो, म्हणून संशय येत नाही.

माझ्या बॅगेत १२ व्होल्ट २ अँपिअरचा एक चांगला अडॅप्टर कायम असतो. तो लावून एक दिवस बघायचं. बदलताना एवढं पाळा: व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि पिनची धन-ऋण बाजू जुळायला हवी. ‘पिन बसली’ म्हणून ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावलेले मी पाहिलेत. त्यांना मग राउटरही घ्यावा लागला.

यूपीएसचीही तीच गत. सर्व्हर यूपीएसवर असतो, स्विच साध्या बोर्डावर. लाइट क्षणभर डोळा मारते, सर्व्हर टिकतो, स्विच पडतो आणि सगळ्यांचं टॅली मधेच तुटतं. स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या. त्यांना लागतं किती? एका बल्बएवढं. आणि बॅटरीला अडीच-तीन वर्षं झाली असतील तर दिव्यावर विश्वास ठेवू नका. जेवणाच्या सुट्टीत, सगळं सेव्ह करून, प्लग काढून बघा किती मिनिटं टिकते.

वायर

एकाच मशीनचा त्रास असेल तर आधी दुसऱ्या चालू मशीनची छोटी वायर लावून बघा, मग स्विचचं भोक बदलून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशाने झालं ते कळत नाही आणि आठवड्याने मी पुन्हा चहाला येतो.

पिनची प्लॅस्टिकची जीभ तुटलेली असेल तर ती वायर फेकून द्या. टेबल हललं की ती अर्धा मिलिमीटर मागे येते.

आता एक खूण, जी सहसा कुणी बघत नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो. स्विच आणि मशीन दोन्ही गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएस वेगाचे, असून तिथे १०० दिसत असेल, तर वायरमधल्या आठपैकी एखादी तार गेलेली आहे. १०० च्या वेगाला चारच तारा लागतात, १००० ला आठही. म्हणजे मशीन ‘चालतं’, तक्रार येत नाही, फक्त टॅली जड वाटतं. अशी वायर आज ना उद्या पूर्ण जाणार. पावसाळ्याच्या तोंडावर उंदीर आत येतात तेव्हा हे प्रकार वाढतात. छताच्या पट्टीत हात घातला की कुरतडलेलं निळं प्लॅस्टिक मिळतं.

लांबीची मर्यादा १०० मीटर, दोन्ही टोकांच्या छोट्या वायरी धरून. गेटच्या केबिनपर्यंत एकशेतीस मीटर ओढलेली असते, ती हिवाळ्यात चालते आणि उन्हाळ्यात रुसते. तिथे मधे स्विच टाकण्यापेक्षा फायबर टाका. दोन इमारतींच्या मधे तर फायबरच. वळवाच्या पावसात वीज कडाडली की उघड्यावरच्या तांब्याच्या वायरीतून झटका आत येतो आणि स्विचची दोन-चार भोकं जळतात. काचेतून वीज जात नाही.

तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास खपते. तार नखाने दोन-तीनदा वाकवली की पटकन तुटते, खरवडली की आतून पांढरी दिसते. खोका स्वस्त मिळतो, पण तीच वायर पुढे तुम्हाला माझा फोन नंबर तोंडपाठ करायला लावते. शिवाय वायर वेल्डिंग मशीनच्या किंवा मोटरच्या केबलला चिकटून समांतर नेऊ नका. ओलांडायची असेल तर काटकोनात.

सगळे दिवे एका तालात

हे दिसलं की समजा कुणीतरी स्विचमधून निघालेली वायर पुन्हा त्याच जाळ्यात परत घुसवलीय. टेबलाखाली एक मोकळं टोक लोंबतंय, एक मोकळं भोक दिसतंय, सद्हेतूने जोडून दिलं. मग एकच निरोप गोल गोल फिरत वाढत जातो आणि खऱ्या कामाला जागा उरत नाही. ही अडचण फार जुनी आहे. १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना रेडिया पर्लमन यांनी यावर स्पॅनिंग ट्री नावाचा तोडगा काढला आणि चांगल्या स्विचमध्ये तो आजही असतो. हजार-बाराशेच्या स्विचमध्ये सहसा नसतो.

शोधायची पद्धत: एका मशीनवरून गेटवेला अखंड पिंग चालू ठेवा, पिंगनंतर उणे टी लिहायचं. मग स्विचची एकेक वायर काढा, पाच सेकंद थांबा. जी काढल्यावर पिंग सुधारेल, ती गुन्हेगार. तिचं दुसरं टोक शोधत जा. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे. नसेल तर दुपार जाते.

पत्त्यांचा घोळ

इथे थोडं थांबतो, कारण ‘पुन्हा पुन्हा’ होणाऱ्या बिघाडांत मला सगळ्यात जास्त हेच सापडलंय.

पहिला किस्सा. एका ऑफिसात दर शुक्रवारी सकाळी निम्म्या लोकांचं नेट बंद. दुपारपर्यंत कुणी दोनदा, कुणी चारदा मशीन रीस्टार्ट करून चालू करायचं. शनिवार ते बुधवार काही नाही. वहीत सलग चार शुक्रवार दिसले तेव्हा ट्यूब पेटली. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. गुरुवारी सगळं बंद, शुक्रवारी सकाळी सगळी मशीन एकदम उठून नवा पत्ता मागतात. मागणीला उत्तर देणारे मात्र दोघे होते.

बंद पडलेल्या मशीनवर आयपीकॉन्फिग केलं तर गेटवे १९२.१६८.०.१. चालू मशीनवर १९२.१६८.१.१. म्हणजे ऑफिसात दुसरा राउटर होता आणि जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मशीन घेत होतं. त्या परक्या गेटवेला अखंड पिंग लावून वायरी उपटत गेलो. स्टोअरची वायर काढल्यावर पिंग थांबला. स्टोअरमध्ये रॅकच्या वर, बेअरिंगच्या खोक्यांमागे, घरून आणलेला जुना राउटर. मोबाइलला वायफाय यावं म्हणून. वायर वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या, वेगळ्या रंगाच्या भोकात जायला हवी होती, ती लॅनच्या, म्हणजे आतल्या जाळ्याच्या, भोकात होती, त्यामुळे तो राउटर अख्ख्या ऑफिसला पत्ते वाटत बसला होता. ज्याने आणला तो बिचारा मीच ओरडणार म्हणून फोर्कलिफ्टमागे उभा.

राउटर काढून घ्यायची गरज नसते. त्याची पत्ते वाटायची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ असा ऑफिसच्याच रांगेतला मोकळा पत्ता द्या आणि वायर लॅनच्या भोकातच राहू द्या. स्टोअरला वायफाय मिळतं, ऑफिसला शांतता.

दुसरा किस्सा साडेतीनचा. रोज दुपारी साडेतीनला डिस्पॅचचं नेट जातं. अकाउंट्स म्हणतं, “आमचं तर चालूच आहे.” मालकांचं म्हणणं लाइन खराब. डिस्पॅचचा लॅपटॉप सेकंड शिफ्टचा माणूस येऊन चालू करतो, आणि त्यावर १६९.२५४. राउटर १०० ते १९९ एवढेच, म्हणजे शंभर पत्ते वाटत होता, आणि दिलेला पत्ता चोवीस तास राखून ठेवत होता. ऑफिसात मशीन तर पंचवीस. मग शंभर गेले कुठे?

राउटरमधली यादी उघडली. फोन, फोन, फोन. फर्स्ट शिफ्ट सकाळी सातला येते, फोन वायफायला लागतात, एकेक पत्ता घेतात. साडेतीनला माणसं घरी जातात, पत्ते राखीवच राहतात. सकाळपासून चालू असलेल्या मशीनचा पत्ता त्यांच्याकडेच असतो, म्हणून त्यांना काहीच जाणवत नाही. उशिरा उठणारा डिस्पॅचचा लॅपटॉप तेवढा उपाशी. वायफायचा पासवर्ड कँटीनमधल्या वॉटर कूलरच्या वर, भिंतीवर बॉलपेनने लिहिलेला होता, अक्षर सुंदर.

उपाय तीन. पत्ता राखून ठेवायची मुदत चोवीसवरून दोन तासांवर. पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, जे ऑफिसच्या जाळ्याला भिडतच नाही. आणि नवा पासवर्ड, जो कँटीनला ठाऊक नाही. शेवटचा उपाय सगळ्यात कमी टिकतो.

याच कुळातला तिसरा प्रकार: सर्व्हरला हाताने १९२.१६८.१.१०५ दिलेला, आणि राउटर १०० पासून वाटप करतो. एखाद्या दिवशी कुणाच्या फोनला १०५ मिळतो आणि अख्ख्या ऑफिसचं टॅली तुटतं. फोन घरी गेला की सुरळीत. याला लोक ‘भूत’ म्हणतात. आमच्याकडे साधा नियम आहे, पहिले पन्नास पत्ते घरच्यांचे. १ राउटर, १० सर्व्हर, त्यापुढे प्रिंटर आणि हजेरीचं मशीन, २१ ते ५० कॅमेरे. वाटप १०० च्या पुढून. ही यादी कागदावर छापून स्विचच्या कपाटाला आतून चिकटवा.

सर्व्हर नावाचा डेस्कटॉप

इंटरनेट आहे, पत्ते ठीक आहेत, तरी टॅली तुटतं. आता सर्व्हरकडे जा.

झोपतोय का? पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘कधीच नाही’ करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी हे कार्ड बंद करायची परवानगी असते, तिची खूण काढा. जेवणाच्या सुट्टीनंतर तुटण्याचं हे नेहमीचं कारण.

साधं विंडोज १० किंवा ११ एका वेळी बाहेरून वीसच जोडण्या घेतं. पंधरा माणसं असताना छान चाललेलं ऑफिस बावीसवर गेलं की शेवटी येणाऱ्याला दार बंद, आणि रोज वेगळ्या माणसाला. याला सेटिंग नाही. एकतर सर्व्हरचं विंडोज घ्या किंवा फाइल ठेवायचं नॅस यंत्र घ्या. टॅलीचंही बघून घ्या, सिल्व्हर लायसन एकाच वापरणाऱ्याचं असतं, लॅनवर अनेकांना गोल्ड लागतं.

शेअर ड्राइव्हवर लाल फुली दिसते पण क्लिक केल्यावर उघडतो, हा बिघाडच नाही. पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही की विंडोज ती जोडणी मिटवून ठेवतं. यासाठी मला बोलावू नका, असं मी सांगतो, तरी बोलावतात.

आणि एक कळकळीचं. चालत नाही म्हणून फायरवॉल कायमचा बंद करा, फाइल शेअर करायची एसएमबी-१ ही जुनी पद्धत चालू करा, असे सल्ले फिरतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच जुन्या दारातून जगभर शिरला होता. जुना प्रिंटर स्कॅन करत नाही म्हणून ते दार उघडू नका, स्कॅन पेन ड्राइव्हवर घ्या. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. निदान सर्व्हर तरी त्यावर ठेवू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

राउटरच्या मागे सुईने दाबायचं रीसेटचं भोक असतं. ते दाबू नका. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. रीसेटने लाइनचं युजरनेम, पासवर्ड, राखीव पत्ते, कॅमेऱ्यांची सेटिंग सगळं पुसलं जातं आणि रविवारी ते कुणाकडेच नसतं.

कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नेटवर्कवाला नाही, परवानाधारक वायरमन बोलवा. अर्थिंग गेलेलं असतं. त्याच कारणाने स्विच वर्षाला दोन जळतात, पण आधी प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे. शेडच्या पत्र्यावर चढून वायर बघणं, लाइटच्या पट्टीत हात घालणं हेही तुमचं काम नाही.

सर्व्हरमधून टकटक, खरखर असा आवाज येत असेल किंवा फाइल उघडायला मिनिटं लागत असतील, तर बंद करा आणि बंदच ठेवा. मरणाऱ्या हार्ड डिस्कला प्रत्येक ‘एकदा चालू करून बघू’ महाग पडतं. कालचा बॅकअप असेल तर घाई नाही. नसेल तर डेटा काढून देणाऱ्याकडेच जा, नात्यातल्या हुशार मुलाकडे नको.

फाइलींची नावं अचानक बदलली, शेवटी विचित्र अक्षरं लागली, पैसे मागणारा संदेश दिसला: सर्व्हरची नेटवर्कची वायर ओढून काढा. मशीन बंद करू नका, पुसू नका, काही ‘क्लीन’ करू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन.

आणि वरचं सगळं करून त्याच तक्रारीची तिसरी नोंद वहीत पडली, तर स्वतः खटपट थांबवा. येणाऱ्या माणसाला वही, दिव्यांचा व्हिडिओ, पत्त्यांची यादी आणि राउटरचा पासवर्ड हातात द्या. त्याने काही न बघता आल्या आल्या राउटरच्या बटणाकडे हात नेला, तर चहा सांगायची घाई करू नका.